दुसरी डिस्क विट्याला ठेवा: बॅकअपचा खर्च

पलूस तालुक्यात बॅकअपसाठी डिस्क घ्यायची तर ‘किती टीबीची?’ हा प्रश्न नंतरचा. दुसरी प्रत कुठं ठेवणार, ते आधी ठरवा. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी भिलवडीत शिरलं. अशा ठिकाणी कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच टेबलावर असतील, तर तो बॅकअप नावापुरताच.

पुढचे दर अंदाजाचे आहेत. सध्या ते चढतायत, तेव्हा दुकानात विचारूनच घ्या.

हिशेबनीस, सोसायटी किंवा शाळेचा डेटा सहसा १ टीबीच्या आत बसतो. दोन पोर्टेबल हार्डडिस्क, बारा-चौदा हजार, विषय संपला.

खरी अडचण लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांची. १०० एमबीपीएसनं फोर-के चित्रण ताशी ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे पाच तास चालले की ४५० जीबी, वीस लग्नांचे ९ टीबी. यासाठी साडेतीन इंची मोठ्या डिस्क परवडतात, टीबीमागे तीनेक हजार धरा. १२ टीबीच्या दोन घेतल्या तर सत्तर हजारांच्या घरात जाल. पण गिऱ्हाईकानं अल्बम आणि व्हिडिओ नेल्यावर कच्चं शूटिंग किती दिवस सांभाळायचं, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. निम्मा खर्च तिथंच वाचेल.

दुकानदार नासचा, म्हणजे नेटवर्कला जोडून आत डिस्क बसवायचा डबा सुचवेल. दोन कप्प्यांचा रिकामा डबाच पंधरा-पंचवीस हजारांचा, डिस्क वेगळ्या. त्यातल्या दोन्ही डिस्कवर एकच डेटा ठेवला, तर एक डिस्क बिघडली तरी तो वाचतो. चुकून पुसलेली फाइल, व्हायरस आणि पूर यांच्यापुढं मात्र तेवढ्यानं भागत नाही. टेपचा ड्राइव्ह लाखांत जातो, तो आपल्या कामाचा नाही. एसएसडी रोजच्या एडिटिंगला उत्तम, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला नको. आणि दोन हजारांत १६ टीबीची एसएसडी कुणी देत असेल, तर ती बनावटच समजा.

क्लाउडवर २ टीबीला वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास पडतात. २० एमबीपीएसच्या अपलोडनं तेवढं चढवायला नऊ-दहा दिवस लागतात. म्हणून तिथं निवडक तेवढंच ठेवा.

पक्कं बिल घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. दुसरी डिस्क जूनच्या आत विट्यासारख्या उंचावरच्या गावी पाहुण्यांकडं पोचवा आणि देण्याआधी त्यातल्या चार-दोन फाइली उघडून पाहा.