फसलेल्या प्रकल्पाला ढाल कशी मिळते?

प्रश्न : माझी सून एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. समूहातल्या सगळ्या कंपन्यांची मिळून दरवर्षी प्रकल्प स्पर्धा होते. यंदा सुनेच्या चमूने लाखोंची बचत दाखवली, तरी पहिल्याच फेरीत बाद! आणि एक पुरस्कार चक्क फसलेल्या प्रकल्पाला दिला. मी शिक्षक होतो, वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण पुष्कळ केलं. भाषण विसरलेल्या मुलाला आम्ही कधी ढाल दिली नाही. हे लोक गुण देतात तरी कसे?
— एक निवृत्त शिक्षक, चिंचवड

उत्तर : सर, वक्तृत्व स्पर्धेत मुलगा तुमच्यासमोर बोलला, तेवढंच तुम्हाला तोलायचं होतं. प्रकल्पाच्या परीक्षकासमोर येतं ते घडून गेलेल्या कामाचं वर्णन, आणि ते काम त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. त्यामुळे त्याचा सगळा रोख ‘कशावरून?’ या एका प्रश्नावर असतो. मोठमोठ्या बचती तिथेच अडकतात.

समजा, एका लाइनवरचं रिजेक्शन चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आलं. त्याच तिमाहीत नवं मशीन बसलं असेल, कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला असेल, किंवा ऑर्डरीच कमी असल्यामुळे लाइन निवांत चालली असेल, तर श्रेय कोणाचं? म्हणून अनेक ठिकाणी बचतीच्या आकड्यावर फायनान्स विभागाची सही मागतात. ती सही मिळवताना भलेभले घामाघूम होतात. ‘रोज चार कामगारांचा एकेक तास वाचला’ असं लिहिलं की फायनान्सवाला विचारतो, पगार तेवढाच दिलात, माल तेवढाच काढलात, मग पैसे वाचले कुठे? हा प्रश्न कटकटीचा वाटतो, पण रास्त आहे. तुमच्या सुनेच्या लाखांपैकी किती लाख नफातोटा पत्रकात दिसतात, हे तिला जरूर विचारा.

दुसरी मेख टिकाऊपणाची. स्पर्धेची तारीख जवळ आली की तीन महिन्यांचा सुरेख आलेख तयार होतो. मुरलेला परीक्षक त्यापुढचे महिने मागतो. कामाची लेखी पद्धत बदलली का, रात्रपाळीचा माणूसही तसंच करतो का, की सगळं सुपरवायझरच्या धाकावर चाललंय? आणि समूहपातळीवर आणखी एक गोष्ट पाहिली जाते : ही युक्ती दुसऱ्या कारखान्याने उचलली का? यात समूहाचा उघड स्वार्थ आहे. एका कंपनीने पैसे मोडून शिकलेलं दुसरीला फुकटात मिळावं, एवढ्यासाठी तर हा सारा मांडव.

आता फसलेल्या प्रकल्पाकडे येऊ. तुमच्या समूहाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे याचं गाजलेलं उदाहरण टाटा समूहाचं आहे. त्यांची ‘टाटा इनोव्हिस्टा’ ही स्पर्धा २००६ मध्ये सुरू झाली. यशस्वी प्रयोगांच्या विभागांबरोबर तिच्यात ‘डेअर टू ट्राय’ नावाचा विभाग आला, तो मनापासून केलेल्या पण यश न आलेल्या प्रयत्नांसाठी. टाटा मोटर्सच्या एका चमूचे प्लॅस्टिकचे दरवाजे हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण. दरवाजे सुरक्षित होते, पण प्लॅस्टिकच्या दारावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसेना. तंत्र जमलं आणि माल अडला, ही माहिती कंपनीच्या दृष्टीने मोलाची असते.

माझ्या मते या विभागाचं परीक्षण सर्वांत अवघड. यशाला निदान आकडे असतात. अपयश तोलायचं कशावर? मग चमूलाच उलटतपासणी द्यावी लागते. जे करायला निघालात ते करण्याजोगं होतं का? चुकतंय हे कधी कळलं, आणि कळल्यावर किती दिवस पैसे ओतत राहिलात? निष्काळजीपणाने बुडालेला प्रकल्प इथे टिकत नाही. शिवाय ‘आमचा प्रयोग फसला’ हे लेखी द्यायला चमूच्या साहेबाची तयारी लागते. मराठी माणसाला हे जमतं का, यावर स्वतंत्र उत्तर लिहीन म्हणतो!

राहिला गुणांचा प्रश्न. परीक्षकागणिक हात सैल किंवा आखडता असतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यावरचा तोडगा अमेरिकेच्या माल्कम बाल्ड्रिज पुरस्कारात चांगला पाहायला मिळतो. (हे बाल्ड्रिज तिथले वाणिज्यमंत्री, १९८७ मध्ये रोडिओच्या सरावात घोड्यावरचा अपघात होऊन गेले आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला.) तिथे प्रत्येक परीक्षक आधी एकटा बसून अर्ज वाचतो, जमेच्या बाजू आणि उणिवा लिहून काढतो आणि गुण देतो. नंतर सगळे एकत्र बसून वाद घालतात आणि प्रत्येक मुद्द्यावर एकमताचा आकडा ठरवतात. नुसती सरासरी काढून सुटका नाही. दहापैकी चार देणाऱ्याला आणि आठ देणाऱ्याला एकमेकांना कारणं सांगावी लागतात. कारण सांगायचं म्हटलं की कित्येक आठांचे सहा होतात.

याच धर्तीवर टाटा समूहाने आपल्या कंपन्या तपासण्याची पद्धत बसवली. तिच्यात एकूण गुण १०००, आणि ६०० ओलांडणाऱ्या कंपनीलाच जेआरडी टाटांच्या नावाचा गुणवत्ता पुरस्कार. पहिला मान टाटा स्टीलला मिळाला, तो २००० मध्ये. म्हणजे पुरस्कार सुरू होऊनही काही वर्षं तो कोणालाच दिला गेला नाही. हा निग्रह मला फार आवडतो; आपल्याकडच्या समारंभांत ढाली उरलेल्या चालत नाहीत. तपासणारेही बहुतांश समूहातल्याच इतर कंपन्यांचे अधिकारी असतात, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेले. स्वतःच्या कंपनीला गुण द्यायला मात्र कोणी बसत नाही.

पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांकच नकोत, असाही एक पंथ आहे. क्वालिटी सर्कल म्हणजे कामातल्या अडचणी स्वतः सोडवणारा कामगारांचा छोटा गट. भारतात त्याची सुरुवात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात झाली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिच्या स्पर्धांत गुणांच्या टप्प्यानुसार ‘पार एक्सलन्स’, ‘एक्सलन्स’ अशी श्रेणी मिळते, त्यामुळे एकाच श्रेणीत कितीही चमू बसतात. तुमच्या चिंचवड-भोसरी भागातले कामगार तिथे मराठीतून सादरीकरण करतात, कारणं शोधण्याचा फिशबोन तक्ता लावून, कधी छोटं नाट्य बसवून. एकदा जाऊन बघा. वक्तृत्वाचे परीक्षक म्हणून तुमचाही जीव रमेल.

सुनेला पुढच्या वेळी एवढं सांगा : पहिल्या फेरीत बहुधा सादरीकरण नसतं, नुसता अर्ज वाचला जातो, आणि परीक्षक दुसऱ्याच धंद्यातला असू शकतो. पोलाद कारखान्यातलं काम हॉटेल चालवणाऱ्याला समजलं पाहिजे. आधीची आणि नंतरची स्थिती एकाच मापाने, निदान वर्षभराच्या आकड्यांनी दाखवावी. अर्ज पाठवण्याआधी तिने तो तुम्हालाच वाचायला द्यावा आणि तुम्ही लाल शाईचं पेन घेऊन ओळीओळीला ‘कशावरून?’ लिहीत जावं. आणि बाद झालेल्या अर्जावर परीक्षकांचे शेरे मिळत असतील, तर यंदाचे आत्ताच मागवून घ्या.