बांबूचे रोप काचपात्रात

जबलपूरच्या आसमंतात साग आणि बांबू यांची अरण्ये आहेत. तेथील उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत इतर वनवृक्षांबरोबर बांबूच्याही ऊतिसंवर्धनाचे काम चालते. या कामाची निकड बांबूच्या स्वभावातच आहे. बांबूच्या कित्येक जाती अनेक दशकांतून एकदाच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. मधल्या काळात बी मिळत नाही; कंद खणून लावावेत, तर ते जड आणि संख्येने थोडे असतात.

म्हणून पेरावरील डोळ्यासह लहानसा तुकडा कापून तो निर्जंतुक करतात आणि क्षार, साखर, जीवनसत्त्वे व अगर यांच्या माध्यमावर ठेवतात. हे माध्यम आधी दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले असते. साखरेवर बुरशी व जिवाणू वनस्पतीच्या पेशींहून कितीतरी वेगाने वाढतात. एखादा बीजाणू राहून गेला, तरी सारे पात्र वाया जाते.

पेशी वाढते ती पाण्याच्या जोरावर. आत शिरलेले पाणी पेशीभित्तीवर दाब देते. भित्ती सैल झाली, की पेशी ताणली जाते. प्राण्यांच्या पेशी जागा बदलू शकतात. वनस्पतींच्या पेशी मात्र एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे विभाजनाच्या वेळी नवी भित्ती कोणत्या दिशेने पडते आणि पेशी कोणीकडे ताणली जाते, यांवरच अवयवाचा आकार ठरतो. ही शिस्त सुटली, की पेशींचा बेढब पुंजका तयार होतो. त्याला किण म्हणतात. किण मोठा होऊ लागला, की अन्न व प्राणवायू त्याच्या गाभ्यापर्यंत पुरेसे झिरपत नाहीत. कडेच्या पेशी वाढतात, आतल्या उपाशी राहतात. यास्तव काही आठवड्यांनी त्याचे तुकडे करून ते ताज्या माध्यमावर ठेवावे लागतात.

या पुंजक्याला पुन्हा वळण लावतात ती संप्रेरके. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले, की ऑक्सिनचे प्रमाण अधिक असल्यास मुळे फुटतात, सायटोकायनिनचे अधिक असल्यास कोंब येतात आणि दोहोंचा समतोल असल्यास किणच वाढत राहतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रजनी नाडगौडा, मास्कारेन्हस व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. दशकानुदशके न फुलणारा बांबू काचपात्रात अल्पावधीत फुलला आणि त्याला बीही धरले. संकराने नवे वाण निपजविण्याची वाट त्यामुळे दिसू लागली.

तथापि एक पेच उरतोच. जुन्या बेटाच्या डोळ्यापासून केलेले रोप दिसायला कोवळे असले, तरी ते मातृबेटाचे वय बरोबर घेऊन येते आणि बहुधा त्याच्याबरोबरच फुलून मरते. उलट बियांपासून केलेल्या रोपाचे वय ठाऊक असते, पण गुण पारखलेले नसतात. लागवड करणाऱ्या शेतकऱ्याची कित्येक वर्षांची मेहनत या निवडीवर अवलंबून असते. म्हणून मातृबेटाची नोंद ठेवणे, हे माध्यमाच्या शुद्धतेइतकेच महत्त्वाचे ठरते.