घरगुती सरपणासाठी लाकूड फोडण्याच्या साधनाची निवड

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामुळे माळशिरस तालुक्याचा मोठा भाग उसाखाली आला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना श्रीपूर येथे उभा राहिला आणि या परिसरातील मजुरी, वाहतूक व शेतीची बरीचशी कामे गळिताच्या हंगामाशी बांधली गेली. घरचे सरपणही त्यास अपवाद नाही. बांधावरची बाभूळ तोडण्यास व फोडण्यास योग्य काळ दिवाळीनंतरचा; परंतु नेमक्या त्याच वेळी माणसे ऊसतोडीत आणि ट्रॅक्टर ऊसवाहतुकीत गुंतलेले असतात. लाकूड मग अंगणात तसेच पडून राहते, वाळून दगडासारखे कठीण होते, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ते फोडण्याची घाई उडते.

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून ग्रामीण भागात गॅस पुष्कळ घरी पोहोचला आहे. तरीसुद्धा आंघोळीच्या पाण्याचा बंब, भाकरीची चूल आणि लग्नकार्यातील मोठा स्वयंपाक यांसाठी अनेक घरी लाकूड लागतेच. अलीकडे ते फोडण्याची यंत्रे बाजारात मिळू लागल्याने कोणते साधन घ्यावे, असा प्रश्न शेतकरी विचारतात. यंत्राची जाहिरात पाहून तो सोडवू नये. लाकूड कोणते, किती व केव्हा फोडावयाचे, हे आधी ठरवावे. साधन त्यानंतर ठरते.

लाकूड फोडण्याचे कारण

लाकूड चुलीत मावावे एवढाच फोडण्याचा हेतू नाही. लाकूड लवकर वाळावे, हा त्याहून मोठा हेतू होय. ओंडक्यातील पाणी सालीतून फारसे बाहेर पडत नाही. ते कापलेल्या टोकांतून व फोडलेल्या बाजूंतून निघून जाते. अखंड ओंडका म्हणूनच वर्षभर पडून राहिला तरी आत ओला सापडतो.

ओल्या लाकडाने किती नुकसान होते ते हिशेबाने पाहावे. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरू. एक किलो ओल्या लाकडात ४०० ग्रॅम पाणी असेल, तर जळणारा भाग ६०० ग्रॅमच राहतो आणि पाण्याची वाफ करण्यात सुमारे २५० किलोकॅलरी खर्ची पडतात. पदरात २,४५० किलोकॅलरी येतात. पाणी २०० ग्रॅमवर उतरले, तर तेवढ्याच वजनापासून सुमारे ३,४७५ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तोलून विकत घेतलेल्या सुक्या सरपणाचा प्रत्येक किलो ओल्यापेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक उष्णता देतो. शिवाय ओले लाकूड नीट पेटत नाही, धुमसते, आणि त्याचा धूर चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या व तिच्याजवळ खेळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत व छातीत जातो. वेळेवर फोडलेल्या लाकडाचा खरा लाभ तिथे आहे.

लाकडाचा गुण

सुबाभळीचे लाकूड सरळ रेषेचे असून ते सहज फुटते. बाभूळ ओली असता बऱ्यापैकी फुटते. वाळली म्हणजे कुऱ्हाड तिच्यावरून उडते. निलगिरीच्या लाकडाचे तंतू पिळदार असतात, म्हणून ती तोडल्याबरोबर फोडावी. चिंच व कडुनिंब यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ती लाकडे जिद्दी होत. वेडी बाभूळ जळणास उत्तम आहे. मात्र तिचे काटे आधी साफ करून घ्यावेत. फांद्यांचे बेचके व गाठी कोणत्याही झाडाच्या असोत, त्या फोडीत बसण्यात अर्थ नाही. त्या करवतीने कापून बाजूस ठेवाव्यात व मोठ्या चुलीत वापराव्यात.

आंबा, चिंच, जांभूळ, साग यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास आधीच सांगावे.

हाताची साधने

झाड तोडण्याची कुऱ्हाड व लाकूड फोडण्याची कुऱ्हाड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ असते. ते लाकडात रुतते व अडकून बसते. फोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते दोन ते अडीच किलो वजनाचे आणि धारेपासून मागे झपाट्याने जाड होत जाणारे असावे. तिची धार वस्तऱ्यासारखी असण्याची गरज नाही. तंतू दूर सारण्याचे काम तिच्या जाडीने होते. दांडा सरळ शिरेच्या चिवट लाकडाचा घ्यावा. तो नेढ्यात सैल झाला असता पाण्यात बुडवून फुगविण्याची रीत आहे. परंतु वाळताच तो पुन्हा सैल होतो व पाते निसटून जवळच्या माणसास लागते. तेव्हा नवी पाचर ठोकून तो घट्ट करावा.

जाड ओंडक्यांसाठी दोन लोखंडी पाचरी व तीन ते चार किलोंचा घण ठेवावा. पाचर एकच असली आणि ती अडकली, तर सोडविण्यास दुसरे साधन उरत नाही. ठोकून ठोकून पाचरीचे डोके फुलते व त्याच्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. अशा एका तुकड्याने डोळा जाऊ शकतो. म्हणून फुललेली कड कानशीने वेळोवेळी घासून काढावी व ठोकताना डोळ्यांस चष्मा लावावा. कुऱ्हाडीस पाचर समजून तिच्या माथ्यावर घण मारू नये, नेढे फाटते.

ओंडके चुलीच्या मापाने, म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटर लांबीचे, करवतीने कापावेत. ते जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या खाली येईल अशा रुंद ठोकळ्यावर उभे करावेत. ठोकळ्यावर गाडीचे जुने टायर बसवून त्यात ओंडका ठेवल्यास ढलप्या दूर उडत नाहीत व प्रत्येक घावानंतर वाकावे लागत नाही. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर घाव घालण्याऐवजी कडेकडेने ढलप्या काढीत आत यावे. टोकावर तडा गेलेला असेल, तर घाव त्या तड्याच्या रेषेतच घालावा. पायांत बूट असावेत. मुलांना पाच मीटरांच्या आत येऊ देऊ नये.

तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र

हायड्रॉलिक यंत्रात तेलाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो व ओंडका पाचरीवर दाबला जाऊन फुटतो. यंत्राची ताकद टनांत सांगितली जाते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा तपासून पाहता येतो. दट्ट्याच्या नळकांड्याचा आतील व्यास १० सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास २०० किलो असेल, तर ताकद ७८ गुणिले २००, म्हणजे सुमारे साडेपंधरा टन भरते. व्यास व दाब सांगण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्या टनांवर विश्वास ठेवू नये.

घरगुती विजेवर चालणारी लहान यंत्रे साधारणपणे पाच ते सात टनांची असतात. वीतभर जाडीच्या सरळ लाकडास ती पुरतात. गाठाळ चिंचेपुढे थांबतात. त्यांची मोटर सुमारे दोन किलोवॅटची असल्याने चालू असताना नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते व सुरू होताना त्याच्या कित्येक पट अधिक घेते. लांब व बारीक वायरीवर विजेचा दाब उतरतो आणि मोटर तापते. जाड वायर, जमिनीशी जोडणी व १६ अँपिअरचे सॉकेट असल्यावाचून असे यंत्र चालवू नये. ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारी यंत्रे अधिक ताकदीची असतात; मात्र गळीत संपेपर्यंत ट्रॅक्टर मोकळा मिळेल की नाही, याचा विचार ती घेण्यापूर्वीच करावा.

यंत्र चालविण्यास दोन्ही हात लागावेत आणि हात सोडताच दट्ट्या थांबावा, अशी रचना असलेलेच यंत्र घ्यावे. एकाने ओंडका धरावा व दुसऱ्याने दांडी ओढावी, ही पद्धत बोटे तोडणारी आहे. ओंडका ठेवणारा व यंत्र चालविणारा माणूस एकच असावा. तेलाच्या नळीस बारीक छिद्र पडल्यास ते हाताने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधावी, व तेल अंगात शिरल्याची शंका आली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे.

ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्यास जोडावयाचा मळसूत्री शंकू हे तिसरे साधन होय. तो स्वस्त असतो व काम झपाट्याने करतो. परंतु फिरता शंकू उघडा असतो. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात गुंतला, तर ट्रॅक्टर बंद करण्यास अवधी मिळत नाही. घरगुती कामासाठी हे साधन घेऊ नये.

खर्चाचा हिशेब

एका आठवड्याचे जळण तोलून रोजची सरासरी काढावी. रोज ५ किलो लागत असल्यास वर्षाचे सुमारे १८ क्विंटल होतात. एका सकाळी दोन क्विंटल फुटले असे धरले, तर एका माणसाचे हे नऊ सकाळींचे काम आहे.

आता हिशेबापुरती यंत्राची किंमत ६०,००० रुपये व आयुष्य दहा वर्षे धरू. वर्षाची घट ६,००० रुपये, सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्क्यांनी व्याज ३,००० रुपये आणि दुरुस्ती १,५०० रुपये मिळून १०,५०० रुपये होतात. एका घराच्या १८ क्विंटलांवर हा बोजा दर क्विंटलास ५८० रुपयांहून अधिक पडतो, आणि त्यात वीज धरलेली नाही. तेच यंत्र बारा घरांनी मिळून घेतले, तर २१६ क्विंटल लाकूड फुटते. वापर वाढल्याने दुरुस्ती ४,५०० रुपये धरली, तरी दर क्विंटलास सुमारे ६३ रुपयेच पडतात. प्रत्यक्ष भाव घालून हा हिशेब गावात करून पाहावा. एकट्या घरास यंत्र परवडणे कठीण आहे. बचत गटास किंवा भावकीतील दहाबारा घरांस ते परवडू शकते. ज्या घरी धडधाकट माणूस नाही, त्या घरानेही यंत्र विकत न घेता भाड्याने आणावे.

फोडण्याचा काळ व साठवण

कार्तिक ते पौष या काळात लाकूड तोडावे आणि त्याच आठवड्यात ओले असतानाच फोडावे. ओल्या लाकडास लागणारे श्रम वाळलेल्यापेक्षा पुष्कळ कमी असतात. ज्या यंत्रावाचून चालणार नाही असे वैशाखात वाटते, त्याची गरज मार्गशीर्षात बहुधा पडत नाही. ऊसतोडीमुळे सबंध दिवस मिळत नसला, तरी रोज सकाळचा एक तास या कामास द्यावा. फोडलेले लाकूड जमिनीवर न टाकता दोन आडव्या दांड्यांवर, वारा खेळेल असे रचावे. सोलापूरचा चैत्र-वैशाखाचा उन्हाळा ते फुकट वाळवून देतो. खूण म्हणून एक ढलपी दर आठवड्यास तोलावी. वजन उतरण्याचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे. मृगापूर्वी रास छपराखाली न्यावी व बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

सारांश

१. एका घरासाठी फोडण्याची जाड कुऱ्हाड, दोन पाचरी, घण व करवत पुरेशी आहेत.

२. दहाबारा घरांनी मिळून दोन्ही हातांनी चालणारे हायड्रॉलिक यंत्र घ्यावे. त्याची ताकद व्यास व दाब यांवरून तपासावी.

३. उघडा मळसूत्री शंकू घरगुती कामासाठी वापरू नये.

४. लाकूड ओले असतानाच फोडावे, उन्हाळ्यात वाळवावे व मृगापूर्वी छपराखाली ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने येत्या हंगामात एका शेतकऱ्याच्या अंगणात एकाच बाभळीचे दोन ओंडके घ्यावेत. एक ओला असताना आणि दुसरा वाळल्यावर चारचौघांसमक्ष फोडून दाखवावा व दोहोंस पडलेले घाव मोजावेत. साधनाविषयीचा निर्णय शेतकरी त्यानंतर स्वतःच घेतील.