वाडा पाडायचा की राखायचा?

रविवारी जुन्या जळगावात किंवा जुन्या धुळ्यात एक चक्कर मारा. दगडी जोते, सागवानी खांब, मधे चौक, वर पांढऱ्या मातीचे धाबे, असे सावकार-व्यापाऱ्यांचे वाडे अजून दिसतात. पण "लाकूड जुनं झालं, पाडा" हा सल्ला मालकाला लगेच मिळतो. तो देणारे उद्या आपणच असू, म्हणून थोडा अभ्यास करू.

वाडा वयाने पडत नाही. कोरडे राहिलेले सागवान शे-दीडशे वर्षे सहज टिकते. खरे शत्रू दोन.

१) ओझे : धाबे गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकतात. जुनी मात्र कोणी उतरवत नाही! मातीचे वजन घनमीटरला साधारण १६०० किलो धरा. १० सें.मी. जादा थर म्हणजे चौरस मीटरला १६० किलो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर झाले जवळपास दीड टन. तुळई वाकणारच.

२) ओल : मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि चुना-मातीच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि भिंतीत गाडलेली तुळईची टोके गुपचूप कुजतात. बाहेरून भिंत चकाचक! रोगापेक्षा इलाज भयंकर तो हाच.

मग दुरुस्ती कशी? क्रम महत्त्वाचा. आधी पन्हाळी आणि मोरी नीट करून पाणी भिंतीपासून दूर न्या. मग तुळयांना टेकू देऊन जादा माती उतरवा. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा. शेवटी लाकूड: कुजलेला तुकडाच कापून तिथे जुन्या सागाचा जोड द्या, अख्खा खांब बदलू नका.

हे जमते का? जमते. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचे (१८८०-१९५१) घर त्यांच्या वापरातल्या वस्तूंसह संग्रहालय म्हणून जपले आहे. आता मोठे उदाहरण बघा. फ्रान्समधल्या लियों शहरात रेशीम व्यापाऱ्यांची जुनी वस्ती रस्त्यासाठी पाडायचा घाट होता. लोकांनी विरोध केला, १९६२ मध्ये जुन्या वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा आला आणि १९६४ मध्ये ती वस्ती संरक्षित झाली. १९९८ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. विशेष म्हणजे तिथे आजही लोक राहतात.

आपल्याकडे प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही. भाऊबंदांचे हिस्से, भाडेकरूंचे वाद, दुरुस्तीचा खर्च या मालकाच्या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच त्याला "पाडा" याखेरीज दुसरा हिशेब कोणीतरी मांडून दाखवायला हवा.

सिव्हिलवाल्यांनो, सुरुवात टेपने करा. मालकाची परवानगी घेऊन एका वाड्याचा मोजमापासह नकाशा काढा, खण मोजा, ओल कुठे आहे ते टिपा. वाडा उद्या राहिला तर दुरुस्तीला तो नकाशा लागेल. नाही राहिला, तर निदान तो कसा उभा होता एवढे तरी कळेल.