आजचा मन्ना आजच
शास्त्रपाठ : निर्गम १६ : ४-२१



आजच्या पाठात इस्राएली लोक रानात मन्ना गोळा करतात. रोज सकाळी, त्या दिवसापुरताच. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले.

आई गेली त्या वर्षी माझी प्रार्थना आटली. रविवारी मिस्साला जायचो, पण घरी बायबल उघडत नव्हतो. लहानपणापासून ऐकलंय, तेवढं पुरेल असं वाटायचं. पुरलं नाही.

आमच्या पाचगणीत स्ट्रॉबेरीची मुळं फार खोल जात नाहीत. म्हणून शेतकरी ठिबकनं थोडं थोडं पाणी देत राहतो. माझ्या श्रद्धेची मुळंही तेवढीच, हे कबूल करायला मला वेळ लागला.

आता पहाटे दहा मिनिटं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ उघडतो. चर्चची जुनी पद्धत चार पायऱ्यांची : वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. एक उतारा सावकाश वाचतो, अडेल तो शब्द मनात घोळवतो, त्यावरून प्रभूशी बोलतो, मग गप्प बसतो. कधी काहीच वाटत नाही. तरी उठत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली शिकवलं, की देववचन आणि ख्रिस्तशरीर या दोहोंनी आपलं पोषण होतं. मी मात्र रविवारी जेवून सहा दिवस उपाशी राहत होतो.

आजची कृती : झोपण्यापूर्वी एक उतारा वाचा. एकच.

प्रार्थना : हे प्रभो, कालच्या शिळ्यावर मला राहू देऊ नकोस. आजचं वचन आज दे. आमेन.