इंग्लिश वाईन : आंबटपणाचे पैसे किती मोजायचे?

लेकीकडे किंवा मुलाकडे इंग्लंडला गेलेला मराठी माणूस सुपरमार्केटात वाईनच्या फळीपुढे थबकतो, तो बहुधा एका कोड्यापाशी. इटलीची प्रोसेको आठ-दहा पौंडांना. दुकानाच्या स्वतःच्या नावाची शॅम्पेन वीस-पंचवीसला. आणि त्यांच्याच शेजारी, इथून दोन तासांवर पिकलेल्या द्राक्षांची, केंट किंवा ससेक्सची बाटली तीस पौंडांना. पौंडाला ११५ रुपये धरले तर जवळजवळ साडेतीन हजार. घरचीच वाईन, मग एवढी महाग का? आणि घ्यायचीच झाली तर कोणती, कशाबरोबर?

पैसे थंडीचे असतात. आणि ते वसूल होतात का, हे ताटात काय आहे त्यावर ठरते.

किंमत कुठून येते

लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर, शॅम्पेन प्रांत त्याच्या थोडा खाली. ससेक्स, केंट, हॅम्पशायर, सरे या दक्षिणेकडच्या परगण्यांत बऱ्याच ठिकाणी शॅम्पेनसारखीच खडूची जमीन आहे. नाशिकचा बागाइतदार फेब्रुवारी-मार्चात वाईनची द्राक्षे तोडतो आणि त्याला धास्ती असते ती अवकाळी पावसाची नि चढत्या उन्हाची. इंग्लंडचा बागाइतदार सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर तोडणी करतो. त्याची धास्ती एप्रिल-मेमधल्या गोठवणाऱ्या थंडीची असते. कोवळे फुटवे जळू नयेत म्हणून रात्री-अपरात्री ओळींमधून मेणाच्या डब्यांचे शेकडो दिवे पेटवावे लागतात.

एवढे करूनही एकरी उतारा शॅम्पेनच्या मानाने बराच कमी, आणि दरवर्षी वेगळा. २०२३ साली इंग्लंड-वेल्समध्ये दोन कोटींहून अधिक बाटल्यांचे विक्रमी पीक आले, पुढच्या वर्षी ते निम्म्याच्या आसपास घसरले. नाईटिंबर या ससेक्सच्या नामवंत वायनरीने २०१२ साली, द्राक्षे दर्जाची नाहीत म्हणून, त्या वर्षीची वाईनच केली नाही.

शिवाय वेळ. चांगली स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि किण्वाच्या गाळासह दोन-तीन वर्षे तळघरात ठेवतात. तेवढा काळ पैसा अडकून पडतो. प्रोसेको टाकीत आंबवतात, ती काही महिन्यांत बाजारात येते.

या थंडीने द्राक्षात साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. इंग्लिश वाईनची ओळख हीच : हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा करकरीत आंबटपणा. नुसती प्यायली तर काहींचे दात आंबतात. जेवणाबरोबर मात्र तिच्यासारखी कामसू वाईन कमीच.

दरपत्रक

हे दर ७५० मिलीच्या बाटलीचे, दुकानातले, ढोबळ मानाने. दुकान आणि हंगामानुसार दोन-चार पौंड इकडेतिकडे धरावेत.

• साधी पांढरी (बॅकस किंवा मिश्र द्राक्षांची) : ११ ते १८ पौंड
• रोझे : १३ ते २० पौंड
• पिनो न्वार (हलकी लाल) किंवा साधी शार्दने : १८ ते ३० पौंड
• टाकीत आंबवलेली स्पार्कलिंग : १५ ते २० पौंड
• सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाची, बाटलीत आंबवलेली स्पार्कलिंग : १८ ते २३ पौंड
• नावाजलेल्या वायनरीची नेहमीची ब्रूट, म्हणजे कोरडी स्पार्कलिंग (चॅपल डाऊन, रिजव्ह्यू, कॅमल व्हॅली, नाईटिंबर) : २८ ते ४२ पौंड
• एकाच सालच्या द्राक्षांची : ४० ते ६० पौंड
• मानाच्या बाटल्या, उदाहरणार्थ नाईटिंबरची ‘१०८६’ : शंभराच्या पुढे

पहिल्यांदा घेणाऱ्याने पाचव्या ओळीवर थांबावे. या बाटल्या बहुतेकदा नावाजलेल्या वायनऱ्याच दुकानांसाठी करून देतात. मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत वायनरीचे नाव सापडते.

कराचा हिशेब

ब्रिटनमध्ये वाईनवरचा अबकारी कर बाटलीच्या किमतीवर नाही, तिच्यातल्या अल्कोहोलवर लागतो. फेब्रुवारी २०२५ च्या दराने १२ टक्क्यांच्या बाटलीवर २ पौंड ६६ पेन्स. वर २० टक्के व्हॅट. आता दोन बाटल्या शेजारी ठेवा.

आठ पौंडांची बाटली : व्हॅट १.३३, अबकारी २.६६. उरले ४ पौंड. त्यात काच, बूच, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि शेवटी वाईन.

तीस पौंडांची बाटली : व्हॅट ५, अबकारी तेच २.६६. उरले २२ पौंडांहून थोडे जास्त.

म्हणजे स्वस्त बाटलीत निम्मे पैसे सरकारला जातात, महाग बाटलीत पाव भागाच्या आसपास. म्हणून महिन्यात तीन स्वस्त बाटल्या घेण्याऐवजी एक बरी घ्यावी, हा सल्ला शौकिनाचा नसून हिशेबाचा आहे.

मोठी सुपरमार्केटे वर्षातून काही वेळा ‘सहा बाटल्यांवर २५ टक्के सूट’ लावतात. २८ पौंडांच्या सहा बाटल्या १६८ ऐवजी १२६ पौंडांना, म्हणजे एक २१ ला पडते. घरी कार्यक्रम असेल तर त्याच आठवड्यात खरेदी करावी. वायनरीच्या दारात स्वस्त मिळेल, या भ्रमात मात्र राहू नये. तिथे भाव बहुधा दुकानाइतकाच असतो. फायदा एवढाच की दुकानात न येणाऱ्या छोट्या घाण्यांच्या आणि जुन्या सालांच्या बाटल्या तिथे मिळतात.

रेस्टॉरंटात इंग्लिश स्पार्कलिंगचा १२५ मिलीचा पेला ११ ते १६ पौंडांना. बाटलीत असे सहा पेले बसतात. चव पाहण्यापुरता एक पेला ठीक, चौघे असाल तर बाटलीच मागवावी.

लेबल वाचताना

‘इंग्लिश’ आणि ‘ब्रिटिश’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘इंग्लिश वाईन’ इंग्लंडच्या ताज्या द्राक्षांचीच असते. ‘ब्रिटिश वाईन’ परदेशातून आणलेल्या आटवलेल्या द्राक्षरसात पाणी घालून केलेली असू शकते. चार-पाच पौंडांना ‘ब्रिटिश’ दिसली की हुरळून जाऊ नये.

‘ट्रॅडिशनल मेथड’ लिहिलेले असेल तर दुसरे आंबवणे बाटलीत झाले आहे. ते शब्द नसतील आणि किंमत २५ पौंडांच्या पुढे असेल, तर बाटली परत फळीवर ठेवावी.

गोडी पाहावी. ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, ‘एक्स्ट्रा ब्रूट’मध्ये फार तर ६, आणि ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. नवख्याने एक्स्ट्रा ब्रूटपासून सुरुवात करू नये.

शाकाहारी वाचकांसाठी : वाईन नितळ करायला काही ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ, अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग किंवा दुधातले प्रथिन वापरतात. अंडे-दूध उरले असेल तर लेबलावर नोंद करावी लागते, माशाच्या पदार्थाची तशी सक्ती नाही. तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ किंवा ‘व्हीगन’ हा शब्द शोधावा. बऱ्याच इंग्लिश वायनऱ्या तो छापतात.

कशाबरोबर काय

तळलेल्या माशावर आपण लिंबू पिळतो ते कशासाठी? तेलकटपणा कापायला आणि पुढच्या घासाला जीभ मोकळी करायला. इंग्लिश ब्रूट नेमके हेच करते, आणि बुडबुडे तिला हात देतात. म्हणून इथली सर्वांत सरस आणि सर्वांत स्वस्त जोडी म्हणजे फिश अँड चिप्स आणि स्पार्कलिंग. कोपऱ्यावरच्या दुकानातले दोन पुडे २० ते २८ पौंडांना, बाटली २० ची. पन्नासच्या आत दोघांची संध्याकाळ, आणि बाटली अर्धी उरते.

हेच सूत्र आपल्या स्वयंपाकघरात आणा. बोंबील फ्राय, रवा लावलेली सुरमई, कांदाभजी, साबुदाणावडा, कोथिंबीरवडी : कुरकुरीत, खारट, तळलेले जे जे, ते ब्रूटबरोबर खुलते. बटाटेवड्याबरोबर लसणाची कोरडी चटणी जरा हात राखून.

बॅकस हे जर्मनीत १९३३ साली तयार केलेले द्राक्षाचे वाण. जर्मनीत ते मागे पडले, इंग्लंडच्या थंडीत त्याला सूर सापडला. वास कापलेल्या गवताचा, एल्डर फुलांचा. इंग्रज ती मे-जूनमध्ये शतावरीच्या कोंबांबरोबर आणि बकरीच्या चीजबरोबर पितात. आपल्याकडे जिथे जिथे हिरवे वाटण, तिथे ती शोभते : कोथिंबीर-पुदिन्याचे पापलेट, हिरवी चटणी लावलेले पनीर, मटारच्या करंज्या.

शार्दने, साधी असो वा नुसत्या शार्दनेची स्पार्कलिंग, ओल्या नारळाशी जमवून घेते. सौम्य माशाचे कालवण किंवा कोलंबीचे नारळदुधातले सार हिच्या वाट्याला द्यावे.

पिनो न्वारची हलकी लाल वाईन इंग्रज बदकाबरोबर नि अळंब्यांबरोबर घेतात. भाजलेल्या वांग्याचे भरीत तिला तितकेच मानवते, कारण दोहोंत मातीचा नि धुराचा वास आहे. ही बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी.

आता कुठे पैसे वाया जातात ते. तांबड्या रश्श्याबरोबर ब्रूट उघडू नये : मिरचीची आग, आंबटपणा आणि बुडबुडे एकत्र आले की जीभ सोलवटते, आणि तीस पौंडांची चव कुणालाच लागत नाही. तिथे ताकच बरे. चिंच-गुळाची अळूवडी, श्रीखंड, पुरणपोळी यांच्यापुढे ब्रूट कडसर लागते. खाण्यापेक्षा वाईन कमी गोड असली की ती केविलवाणी होते. गोडाबरोबर हवीच असेल तर डेमी-सेक.

स्पार्कलिंग बाटली तीन-चार तास फ्रिजमध्ये किंवा बर्फ-पाण्यात अर्धा तास ठेवावी. आत सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणून बूच घट्ट धरून बाटली फिरवावी, तोंड कुणाच्या रोखाने नको. उरली तर चमचा अडकवून उपयोग नाही. चार-पाच पौंडांचे दाबाचे झाकण घ्या, दोन दिवस बुडबुडे टिकतात.

वायनरीची फेरी

लंडनहून सोयीची डेनबीज, सरेमधल्या डॉर्किंगजवळ. वॉटर्लू किंवा व्हिक्टोरियाहून तासाभराच्या आत गाडी पोचवते आणि स्टेशनवरून चालत जाता येते. मळ्यातून सार्वजनिक पायवाटा जातात, त्यांवर फिरायला काही पडत नाही. केंटमध्ये टेंटरडेनला चॅपल डाऊन, ससेक्समध्ये डिचलिंगजवळ रिजव्ह्यू. कॉर्नवॉलची कॅमल व्हॅली लांब आहे, मुक्कामाच्या सहलीतच जमवावी.

दोघांचा अंदाज असा : चव घेण्यासह मार्गदर्शित फेरी माणशी २० ते ३५ पौंड, तिथेच जेवण माणशी ३० ते ५०, घरी न्यायला एक बाटली ३०. म्हणजे रेल्वेभाडे सोडून दोघांचे १३० ते २००. जेवणाऐवजी डबा नेऊन पायवाटेवर खाल्लात तर हा आकडा ७० ते १०० वर येतो. नोंदणी आधी करावी, शनिवार-रविवार भरलेले असतात. साठी उलटलेल्यांना ३५ पौंडांचे सीनियर रेलकार्ड भाड्यात एक तृतीयांश सूट देते. दोन-तीन लांबचे प्रवास ठरले असतील तरच ते परवडते.

गाडी घेऊन जाऊ नये. १२ टक्क्यांच्या वाईनचा १२५ मिलीचा पेला म्हणजे दीड युनिट, आणि ब्रिटनच्या आरोग्य खात्याने सांगितलेली मर्यादा आठवड्याला १४ युनिटांची. चव घेऊन थुंकायला भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात संकोच नको.

घरी आणताना

भारतात उतरताना प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्यांचे दीड लिटर झाले. तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे मर्यादेबाहेर. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवाव्यात, हातातल्या सामानात त्या चालतील याचा भरवसा नाही. विमानतळावरच्या दुकानातून घेतल्या आणि आखाती देशात विमान बदलायचे असेल, तर पिशवीचे सील मुक्कामी पोचेपर्यंत फोडू नये. ग्रेट ब्रिटनमध्ये दुकानातल्या खरेदीवरचा व्हॅट पर्यटकाला परत मिळायची सोय जानेवारी २०२१ पासून बंद आहे, तेव्हा पावत्या जपून उपयोग नाही.

दोन बाटल्या संपल्यावर? आयात वाईनवरचे भारी शुल्क भरण्यापेक्षा नाशिक जिल्ह्यात पाहावे. दिंडोरीला शांदों ही वायनरी याच पद्धतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून स्पार्कलिंग करते. सुलाची ब्रूटही त्याच पद्धतीची. ऊन वेगळे, म्हणून धार थोडी बोथट. भज्यांना ती पुरते.

आणलेली बाटली मात्र उगाच मोठ्या मुहूर्तासाठी राखून ठेवू नका. एखाद्या रविवारी सुरमई तळा, बाटली गार करा. ताटात लिंबाची फोड तेवढी ठेवू नका. तिचे पैसे तुम्ही आधीच मोजले आहेत.