*आजचा अभ्यास : आपल्या घरचा भोंगा*

उधना, लिंबायत, पांडेसरा इथं आपल्यातले कितीतरी जण धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आले. खोली एक, माणसं पाच. तरी रात्री बघा, पाचही तोंडं पाच दिशांना. दूरच्याच्या फोटोला आपण अंगठा देतो. शेजारी बसलेला जेवला का, हे विचारायचं राहून जातं.

असं का होतं? पुस्तकाचं पान संपतं, मालिकेचा भाग संपतो. रील मात्र संपत नाही. एक झाली की दुसरी बोटाखाली हजर. तिथं थांबायची जागाच ठेवलेली नाही. ती आपणच करायची.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ती केली. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाईल सुटेना. मग २०२२ पासून गावात संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. ८.३० पर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. आधी काहींनी थट्टा केली. पण बायाबापड्यांनी मनावर घेतलं, शिक्षक, आशाताई घरोघर फिरल्या, आणि जमलं.

यातलं मर्म काय? सगळ्यांनी *एकाच वेळी* ठेवला. बापाच्या हातात मोबाईल असेल तर पोरगं त्याचं ऐकेल कसं?

सुरतेत ७ ची वेळ सगळ्यांना जमायची नाही. कुणाची दिवसपाळी, कुणाची रात्रपाळी. म्हणून या आठवड्यात एवढंच करूया :

१. घरातले सगळे भेटतात ती अर्धी घटका ठरवा. सगळ्यांचे मोबाईल एका डब्यात, मोठ्यांचा आधी.

२. त्या वेळी एकमेकांना विचारा, "आज दिवस कसा गेला?" मधे न बोलता ऐका.

३. गावाकडे आई-वडील असतील तर फॉरवर्ड नको, फोन लावा. "गुड मॉर्निंग"च्या फुलानं मायचं पोट भरत नाही, आवाजानं भरतं.

मोबाईल वाईट नाही. हा पाठही त्यावरच वाचतोय आपण. पण ज्याच्यासोबत वेळ जातो, त्याचीच संगत लागते. घरच्यांची संगत हाही सत्संगच.

वाचून झालं? आता मोबाईल खाली ठेवा, आणि शेजारच्याला हाक मारा.

जय गुरुदेव 🙏